उलटा स्वेटर

ही गोष्ट खरी आहे.

असं इथे प्रत्येकजण म्हणतो, मला ठाऊक आहे. मीसुद्धा भुताच्या गोष्टींचं हे पेज जेवता जेवता वाचते आणि हसून ताट उचलते. त्यामुळे शपथबिपथ घेत बसत नाही. वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आधी माझ्याबद्दल. मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, माझ्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर माझं पोट चालतं आणि जीवही तगतो. समोरून ट्रक येताना स्टिअरिंग सोडून डोळे झाकून घेणारी माणसं मी रोज बघते. भुताखेतांना घाबरायला मला कधी सवडच मिळाली नाही.

आणि हे अपरात्री घडलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. दुपारची वेळ, लख्ख ऊन, माणसांनी भरलेला हॉल.

माझ्या भाचीची बोर्डिंग शाळा.

भाचीला मी रेडिओ म्हणते. बारा वर्षांची आहे, आणि जन्मल्यापासून बंद म्हणून पडली नव्हती. दात घासताना बोलायची. झोपेत बोलायची. डॉक्टरने जीभ दाखव म्हटलं तर जीभ बाहेर काढून बोलायची. तिची आई, म्हणजे माझी ताई, मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स. मुलीला एकटीने वाढवलं. आपल्या पाळ्यांपायी पोरीची आबाळ नको म्हणून तिने या शाळेसाठी जिवाचं रान केलं. प्रवेश मिळाला त्या दिवशी मला फोन करून हमसून हमसून रडली.

रेडिओ दर रविवारी फोन करायची. सुरुवातीला तर "आता ठेव गं बाई" म्हणावं लागायचं.

मग फोन लहान होत गेले.

"मी बरी आहे. जेवण छान आहे. अभ्यास छान चाललाय."

पुढच्या रविवारी तेच. तीच वाक्यं, तोच सूर... शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखा.

मग एका रविवारी फोन आलाच नाही.

"शिस्त असते गं तिथे," ताई म्हणाली. "तू उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसू नकोस."

म्हणाली खरी, पण तिचा आवाज कापत होता. पुढचा रविवार पालकांच्या भेटीचा होता आणि तिची ड्युटी काही केल्या बदलेना. मी म्हटलं, मी जाते.

त्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि मला पहिल्यांदा खटकली ती शांतता.

टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी पालक आणि मध्ये गडद हिरव्या स्वेटरमधली एकेक मुलगी. एवढ्या मुली एका जागी, आणि आवाज म्हणाल तर कपबश्यांचा. मी मुलींच्याच शाळेत शिकले. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गाचा कालवा बाजारापर्यंत ऐकू जायचा. इथे पोरी मान खाली घालून बिस्किटं कुरतडत होत्या.

रेडिओ कुठेच नव्हती.

वॉर्डन माझ्याकडे आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. साठीच्या असतील. खांद्यावर शाल, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागायचं.

"तुमची भाची आज भेटणार नाही. ती विश्रांतीवर आहे."

"आजारी आहे का?"

"नाही नाही. काही मुलींना बोलण्याचा फार सोस असतो. त्यांना आम्ही थोडी विश्रांती देतो. आमच्याकडे मुलींवर कुणी हात उगारत नाही हो. कधीच नाही."

मी हात उगारण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

"मला तिला नुसतं बघू तरी द्या. लांबून."

"तुम्ही चहा घ्या. मी विचारून सांगते."

कुणाला विचारणार होत्या कुणास ठाऊक. शाळा त्यांच्याच शब्दावर चालत होती. त्या गेल्या आणि मी तिथे चहाचा कप पुढ्यात घेऊन बसले.

मग ती आली.

दारातून एक मुलगी आत आली. रेडिओएवढीच. काटकुळी, चेहरा पांढराफटक. तिचा स्वेटर उलटा होता. शिवणी बाहेर, धागे लोंबत होते, मानेमागची नंबरची पट्टीही बाहेर. बाकीच्यांचे स्वेटर हिरवे आणि हिचा विटकरी. मला वाटलं, आतून असाच रंग असेल.

ती पहिल्या टेबलाशी थांबली. वाकली. काहीतरी बोलली.

कुणी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या टेबलाशी गेली. तिथेही तसंच.

पण... एका बाईने आपला कप हळूच आत ओढून घेतला. मुलीचा हात लागून सांडू नये, इतपतच. एका पोरीने पाय आक्रसून घेतले. चहावाली ट्रे घेऊन येत होती, ती नीट वळसा घालून तिच्या बाजूने गेली.

सगळे तिला वाट देत होते. फक्त बघत नव्हते.

माझ्या टेबलाशी येईपर्यंत तिचं बोलणं मला ऐकू यायला लागलं.

"माझा आवाज येतोय का?"

माझा स्वभाव कसा आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. माझं टाळकं सटकलं. एवढी मोठी माणसं आणि एका पोरीला ओ देईनात!

"अगं, येतोय की!" मी म्हटलं. चांगलं मोठ्याने.

सगळा हॉल थिजला.

चमचे थांबले. माझ्या मागच्या टेबलावरच्या बाईने दोन्ही हातांनी आपल्या मुलीचे कान झाकले. या मुलींच्या आया बहुतेक त्याच शाळेत शिकलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही... माझ्याशी बोललात?"

"मग काय टेबलाशी बोलले? ये, बस. माझी भाची शोधतेय मी. खूप बडबडते ती. ओळखतेस?"

तिने मान हलवली.

"ती माझ्या खोलीत आहे."

"कुठे?"

"चला ना."

मी पर्स उचलली आणि तिच्या मागे निघाले.

लांबच लांब कॉरिडॉर. फरशीला नुकतंच पॉलिश केलेलं. माझ्या टाचा टक टक वाजत होत्या.

फक्त माझ्याच.

खाली पाहिलं तर तिच्या पायात नुसते मोजे होते. म्हटलं, म्हणून आवाज येत नसेल. पण थंडी वाजायला लागली होती. उजवीकडच्या सगळ्या खिडक्यांमधून ऊन आत येत होतं आणि मला हुडहुडी भरत होती.

"कितवीत आहेस?"

"सातवीत."

"आणि स्वेटर असा उलटा का घातलायस?"

"विश्रांती आहे ना माझी." तिने मला समजावून सांगितलं, अगदी शहाण्यासारखं. "विश्रांती दिली की स्वेटर उलटा घालायचा. मग आपल्याशी कुणी बोलायचं नाही. बघायचं नाही. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओ देईल तिचाही स्वेटर उलटा."

"असं किती दिवस?"

"घंटा होईपर्यंत."

"आणि घंटा कधी होते?"

ती चालता चालता थांबली.

"माझी झालीच नाही."

समोरून एक शिक्षिका येत होती. आम्हाला बघून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. डोळे जमिनीवर. आम्ही पुढे गेल्यावर तिच्या पावलांचा आवाज आला. ती पळत होती.

स्वयंपाकघर मागे पडलं. कपडे धुवायची खोली मागे पडली. जिन्याखाली एक लाकडी दार होतं, त्याला बाहेरून जाड कडी. सुट्टीत घरी न्यायच्या ट्रंका तिथे रचून ठेवत.

"हे दार आतून उघडत नाही," ती म्हणाली. "मी खूप वाजवलं. सगळ्यांना ऐकू जातं इथून. पलीकडेच आमच्या खाटा आहेत."

"मग कुणी उघडलं का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"नियम आहे ना."

तेवढ्यात आतून आवाज आला...

टक. टक.

दार ठोकल्याचा नाही. नखाने लाकूड खरवडल्यासारखा. त्यात जोरच उरला नव्हता.

मी कडी ओढली. ती सहज सरकली, रोज तेल घालत असल्यासारखी.

रेडिओ दोन ट्रंकांच्या मधे, अंगाची जुडी करून बसली होती. ओठ फुटलेले. शेजारी पाण्याचा रिकामा जग. नखं पार तुटली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं.

"सोन्या, मी आलेय. मावशी आलीय."

ती काहीच बोलली नाही. मला बिलगलीही नाही. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, त्या मुलीकडे, आणि झटकन मान खाली घातली.

पोरीला काय करून ठेवलं होतं या लोकांनी!

रेडिओच्या अंगातलाही स्वेटर उलटाच होता, तो मी आधी ओढून काढला. सुलटा करायला हात आत घातला.

आणि हात तसाच राहिला.

स्वेटर आतूनही हिरवा होता. बाहेरून हिरवा, आतूनही हिरवा.

विटकरी कुठेच नव्हता.

"तुझा... तुझा स्वेटर वेगळा कसा गं?" मी मागे न बघताच विचारलं.

"आमचे सगळ्यांचे असेच आहेत," ती म्हणाली.

मी रेडिओला स्वेटर घातला. बाही सापडेना. मग वळले. बोलायचं काय ते कळत नव्हतं, म्हणून शिकवणी संपल्यावर पोरांना रोज जे बोलते तेच बोलले. "काढ तूही तो. चल, तुला पण घरी सोडते."

"माझा निघत नाही."

मी तिच्या स्वेटरची कड धरली. धरली म्हणजे... बोटांत लोकरीचा चुरा आला. ओला, गार चुरा, वर्षानुवर्षं ट्रंकेच्या तळाशी कुजत पडलेल्या कापडाचा.

"इथे यायला नको होतं तुम्ही."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

"पोरीला कोंडून घातलंत?" मी ओरडले. "तापाने फणफणलीय ती! आणि ही? ही कोण आहे?"

"कोण ही?" बाई म्हणाल्या. "इथे कुणीच नाही."

आणि हे म्हणताना त्यांनी आपली शाल आवरून घेतली. त्या मुलीच्या बाजूची. तिला लागू नये म्हणून.

"तुम्हाला दिसतेय ती," मी म्हटलं.

बाईंचे ओठ हलायला लागले. इतका वेळ मऊसूत असलेला आवाज पार चिरकला.

"ओ द्यायची नसते हो तिला! एकदा ओ दिली की ती मागे लागते. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, आणि तुम्ही एका दुपारी काय करून बसलात हे?"

"कोण आहे ती?"

त्या ट्रंकांकडे बघत बोलल्या. माझ्याकडे नाही, तिच्याकडे तर नाहीच.

"माझ्या वर्गातली. माझी खाट भिंतीच्या पलीकडेच होती. ती वाजवत होती, आम्ही सगळ्या ऐकत होतो. आम्हाला वाटलं, बाईंना माहीत आहे. बाईंना वाटलं, दुसऱ्या बाईंनी घंटा देऊन सोडलं असेल. कुणी कुणाला विचारायचंच नव्हतं ना... मग वाजायचं थांबलं. आम्हाला बरं वाटलं. झोप लागली. सुट्टी लागल्यावर ट्रंका काढायला दार उघडलं..."



"आणि तरीही तुम्ही पोरींना इथेच कोंडता?"

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरलेली माणसं रोज बघते. पण इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"नियम चुकीचा होता म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर मग आम्ही तेव्हा केलं ते काय होतं?"

ती मुलगी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मान वर करून.

"माझा आवाज येतोय का?"

मोठ्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मी रेडिओला खांद्यावर टाकलं आणि पळत सुटले. हॉलमधून गेले. एवढी माणसं बसलेली, माझ्या खांद्यावर अर्धमेली पोर. एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. कप परत वाजायला लागले होते.

रेडिओला मागच्या सीटवर आडवं केलं. शेजारची सीट रिकामी होती. गाडी सुरू केली. गेटपाशी वॉचमनने फाटक उघडलं, वाकून गाडीत पाहिलं. माझ्याकडे नाही. शेजारच्या सीटकडे.

त्याने मान खाली घातली.

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं...

गाडी हलेना.

मी खाली पाहिलं.

शेजारच्या सीटपुढचा ब्रेक पूर्ण खाली दाबलेला होता.

सीटवर कुणी नव्हतं. फक्त त्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती. लहानशी, तोंडाएवढी. विरायची आणि पुन्हा धरायची.

"मी पण येऊ?"

ओ दिली की ती मागे लागते, हे आत्ताच ऐकलं होतं. गप्प बसता आलं असतं. तिथे सगळेच गप्प बसत होते. पण मागच्या सीटवर माझी पोर कण्हत होती आणि हिला घरी न्यायला कधी कुणी आलंच नव्हतं.

"ये," मी म्हटलं. "पण ब्रेकवरचा पाय काढ आधी."

ब्रेक हळूच वर आला.

रेडिओचा ताप उतरला. नखं आली. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे, जीभ उत्तम आहे.

ती बोलत मात्र नव्हती.

ताई आधी माझ्यावरच उखडली. शाळेत तमाशा कशाला केलास, नीट बोलून सोडवता आलं नसतं का? मग तिने मुलीची बोटं बघितली. स्वतःच्या हाताने हजारो जखमा बांधलेली बाई, तिला त्या बोटांना पट्टी बांधता येईना. ती जमिनीवर बसून कपाळ बडवून घ्यायला लागली. "मीच पाठवलं. मीच पाठवलं तिला."

आम्ही तक्रार केली. शाळेने लिहून दिलं की मुलगी खेळता खेळता ट्रंकांच्या खोलीत अडकली. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या पालकांना मी शोधून शोधून फोन केले. कुणी म्हणालं, आम्ही काही पाहिलं नाही. कुणी म्हणालं, आमच्या मुलीचं वर्ष वाया जाईल हो. एका बाईने सगळं ऐकून घेतलं, तिचा श्वास मला ऐकू येत होता... आणि तिने फोन ठेवला. मग माझे फोन उचलणंच बंद झालं.

माझाच स्वेटर उलटा झाला होता, दुसरं काय.

आणि ती?

ती आमच्या घरी होती.

ताईच्या पाळ्या असायच्या म्हणून रेडिओ माझ्याकडेच राहत होती. दिवेलागणीला पॅसेजमधून आवाज यायचा. तीन खोल्यांचं घर माझं, चुकायला जागाच नाही.

"माझा आवाज येतोय का?"

"येतोय गं, येतोय," मी कांदा चिरता चिरता म्हणायचे. पहिल्यांदा म्हणताना सुरी हातातून पडली होती. माणसाला कशाचीही सवय होते. गाडी शिकवताना मात्र पंचाईत व्हायची. मधेच माझ्या पायाशी ब्रेक खाली जायचा आणि शिकणारा दचकून म्हणायचा, "मॅडम, आता काय चुकलं?" मी म्हणायचे, "काही नाही. तू चालव."

भीती मला तिची वाटत नव्हती. भीती वाटायची ती रेडिओला बघून.

तो आवाज आला की रेडिओ त्या दिशेला बघायची. तिला ती दिसायची, नक्की दिसायची. मग ती मान खाली घालून घ्यायची. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, पोर अजून तो नियम पाळत होती. मी तिच्यापुढे हात जोडले. ओरडले. रडले. ताई तिच्या पायाशी बसून म्हणायची, "एकदा आई म्हण. नको, शिवी दे मला. काहीही बोल."

मी रात्र रात्र छताकडे बघत विचार करायचे. त्या बाई साठीला आल्या तरी त्या नियमातून सुटल्या नाहीत. ही कशी सुटणार?

इथवर मी आधीच लिहून ठेवलं होतं. टाकायचा धीर होत नव्हता.

पुढचं आत्ता लिहितेय.

आज दुपारी ताई ड्युटीवरून आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. तोच.

"माझा आवाज येतोय का?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच...

"येतोय."

खरखरीत, जाडाभरडा आवाज. किती दिवस न वापरलेला.

ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"येतोय मला," रेडिओ म्हणत होती. "तेव्हापण येत होता. रोज येत होता. मी मुद्दाम बोलले नाही. तू रडू नकोस ना. बोल. मी ऐकतेय."

मग बराच वेळ ती नुसतं "हं" म्हणत राहिली. मधे एकदा "बाप रे" म्हणाली. मधे एकदा चक्क हसली. ताई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून, तोंडावर हात दाबून रडत होतो. पोर परत मिळाली होती हो आम्हाला!

आणि एकदम शांतता.

आम्ही बाहेर धावलो. रेडिओ खिडकीशी एकटीच उभी होती.

"मावशी, ती गेली."

"कुठे?"

"परत. तिथे कुणाचा तरी स्वेटर उलटा झालाय. तिला इथून दार वाजलेलं ऐकू आलं." ती भराभर बोलत होती, शब्द एकमेकांवर पडत होते. "ती म्हणाली, आता ती बाहेरून ओ देत बसेल, म्हणजे आतल्या मुलीला कळेल कुणीतरी आहे. पण मावशी, तिला कडी उघडता येत नाही. ती म्हणाली, मावशीला सांग."

ताईने अंगावरचा युनिफॉर्मसुद्धा बदलला नाही.

आता आम्ही शाळेच्या गेटसमोर गाडीत आहोत. अंधारून येतंय. फाटकाला कुलूप आहे. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. वॉचमन आत खुर्चीवर बसलाय, मला स्पष्ट दिसतोय. तो मान खाली घालून बसलाय. शाळेचा फोन लावला, नुसता वाजतो. पोलिसांना लावला. ते शाळेत विचारतो म्हणाले आणि नंतर त्यांचाच फोन आला, शाळा म्हणतेय सगळं ठीक आहे, तुम्ही घरी जा.

तुमच्यापैकी कुणाची मुलगी बोर्डिंगमध्ये असेल, तर तिला एवढंच विचारा, स्वेटर कधी उलटा घालावा लागला होता का. ती नाही म्हणाली तर बरंच आहे. ती गप्प बसली तर आत्ता, या क्षणी निघा.

खालच्या मजल्यावरचे दिवे एकेक करून विझतायत. इंजिन बंद केलं की मला ऐकू येतं...

टक. टक. टक.

आणि त्याच्यामागोमाग एक बारीक आवाज. माझंच वाक्य, माझ्याच सुरात, पुन्हा पुन्हा.

"येतोय गं, येतोय. येतोय गं, येतोय."

रेडिओ मागच्या खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून ओरडतेय, "आम्हालापण येतोय! थांबू नकोस, वाजवत राहा!" घसा बसलाय तिचा, तरी थांबत नाहीये.

मघापेक्षा टकटक हळू झालीय.

ताईने डिकीतून चाकाचा पाना काढलाय आणि ती फाटकाकडे निघालीय. मी फोन ठेवते आता.